कुड्याच्या डोंगरावर कोण कोण उरलं

सड्यावर फिरून आलं की पँटीच्या पायांना कुसळं चिकटलेली असतात. घरी येऊन एकेक काढत बसावं लागतं, आणि सगळी काढली असं वाटलं तरी दुसऱ्या दिवशी एखादं टोचतंच. आमच्या डोंगराचे किस्से तसेच आहेत. मी ते कधी मुद्दाम गोळा केले नाहीत. डिचोलीच्या बाजारात माझी फार्मसी आहे. खोकल्याचं औषध घेता घेता कुणीतरी विचारतं, "काय अनंतबाब, डोंगर कसा आहे तुमचा?" मी एक सांगायला लागतो, आणि त्याच्या मागून दुसरा येतो. लोक हसतात, मीही हसतो. बायको म्हणते, "सांगताना हसता खरे, पण हात बघा तुमचे." खरं आहे तिचं. हात गार पडलेले असतात.

कुड्याचा डोंगर म्हणजे फार उंच काही नाही. पेडण्याच्या बाजूला तोंड करून बसलेला, माथ्यावर सडा, म्हणजे जांभ्याचं सपाट पठार. उन्हाळ्यात तापलेल्या तव्यासारखा काळा, पावसाळ्यात इवल्या फुलांनी भरलेला. तिन्ही बाजूंना बंद पडलेल्या खाणींचे खोल खड्डे, चौथ्या बाजूला आमचं गाव आणि रस्ता. म्हणजे वर जे काही जगतं त्याला उतरून दुसऱ्या डोंगरावर जायला वाटच नाही. आमच्या मंगलबाई म्हणतात, "हे एका खोलीचं घर आहे. आग लागली तर पळायला दुसरी खोली नाही."

मंगलबाई हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवायच्या, आता रिटायर. त्यांचाच विद्यार्थी प्रकाश, वीज खात्यात लाइनमन. गावात साप निघाला की लोक त्यालाच बोलावतात. तिसरा सगुण. त्याचं घर डोंगराच्या अगदी पायथ्याशी, वर काजूची बाग, खाली सुपारीचं कुळागर. चौथा मी. दर रविवारी आम्ही चौघं डोंगर चढतो आणि उतरल्यावर सगुणच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून उंड्याचे पाव आणि भाजी खातो. एवढंच आमचं मंडळ.

*

शिगम्याचे दिवस होते. वारा सुटलेला. प्रकाश विजेच्या खांबावर चढला होता, तिथून त्याला सड्यावर धूर दिसला. कुणीतरी पिकनिक करून चूल तशीच टाकून गेलं होतं. त्यानं खाली उतरायच्या आधी वरूनच सगळ्यांना फोन केले.

गावातली माणसं धावली. आम्ही ओल्या फांद्यांनी आग बडवत होतो. वाळलेल्या गवताची आग लांबून साधी दिसते, जवळ गेलं की तिचा आवाज ऐकू येतो. तेवढ्यात वारा फिरला. धुराचा लोट आमच्यावर आला, आम्ही मागं पळालो, आणि मागं आल्यावर कळलं की मंगलबाई नाहीत.

सगुण हाका मारत होता. धूर विरेपर्यंत आम्ही नुसते उभे होतो.

मग प्रकाशला त्या दिसल्या. सड्यावर जांभ्यात एक खोलगट खड्डा आहे, पावसात तिथं पाणी साचतं. त्यात त्या गुडघे पोटाशी घेऊन, पदर नाकावर धरून बसल्या होत्या. त्यांच्या समोर हातभर अंतरावर घोणस होती, वेटोळं घालून. पलीकडं एक घोरपड. आणि कोपऱ्यात एक ससा, कान पाडून. बाईंनी बोट वर करून आम्हाला थांबायला सांगितलं. इतके साप हातात धरलेला प्रकाश, तोही जागेवरून हलला नाही. बाई सावकाश उठल्या, एक एक पाऊल टाकत बाहेर आल्या. घोणशीनं डोकंही उचललं नाही.

खाली आल्यावर मी विचारलं, "बाई, भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण तिथं सगळेच भ्यालेले होते. अशा वेळी कुणी कुणाला काही करत नाही."

काउंटरवर मी किस्सा इथंच संपवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या खड्ड्याशी गेलो होतो, ते सांगत नाही. घोणस आणि घोरपड निघून गेल्या होत्या. ससा तिथंच होता, त्याच कोपऱ्यात, कान पाडून बसलेला. धुरानं गुदमरून बसल्या जागी गेला होता तो.

*

चवथीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला रानातली फळं, फुलं, वेली टांगायच्या. हल्ली माटोळीच्या स्पर्धा होतात आणि परीक्षक घरोघर फिरतात. जितकी दुर्मीळ वस्तू तितके गुण जास्त. मंगलबाईंना दरवर्षी परीक्षक म्हणून नेतात.

एका वर्षी त्या वरच्या वाड्यावर रमाकांत नावाच्या तरुणाच्या घरी गेल्या. माटोळी खरंच देखणी होती. मधोमध, ओल्या सुपारीच्या घडाशेजारी, तांबड्या दोऱ्यात तीन फळं टांगलेली. बाईंनी ती पाहिली आणि रमाकांतला विचारलं, ही कुठून आणलीस?

डोंगराच्या मागच्या कड्यावर एक वेल होती. अख्ख्या डोंगरावर एकच. बाई कित्येक वर्षं तिला फळ धरायची वाट बघत होत्या. त्या वर्षी प्रथमच तीन फळं धरली होती, आणि ही गोष्ट आमच्या चौघांशिवाय कुणाला सांगायची नाही अशी त्यांनी सगळ्यांना ताकीद दिली होती.

रमाकांत अभिमानानं सांगत होता. कड्यावरून दोर सोडून तो उतरला होता. वेल झाडीत गुंतलेली, ओढताना फळं चेचली असती. म्हणून त्यानं कोयत्यानं बुंध्यातच कापली आणि सगळी वेल अलगद खाली घेतली. "एका फळाक पण ओरखडो नाय बाई, बघा तुमी."

बाकीच्या परीक्षकांनी पूर्ण गुण दिले. बाईंनीही दिले. नियमच तसा होता. एवढी दुर्मीळ वस्तू दुसऱ्या कुठल्याच माटोळीत नव्हती. विसर्जनानंतर त्यांनी ती फळं मागून घेतली, बिया पेरल्या. कच्च्याच होत्या. एकही रुजली नाही.

पुढच्या वर्षी चवथ जवळ आली तसा रमाकांत बाईंच्या घरी आला. "बाई, गेल्या वर्साचां ता फळ यंदा खंय मिळात?"

बाईंनी त्याला बसवलं, चहा दिला, आणि सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत. त्यानं चहा तसाच ठेवला. मग विचारलं, "म्हणजे एकूच होती?"

तेव्हापासून तो दर चवथीला माटोळीत त्या जागी नुसता तांबडा दोरा बांधतो. पाहुणे विचारतात, इथं काय होतं. तो म्हणतो, फळ पडलां.

*

एक गृहस्थ फार्मसीत यायचे. सभ्य, इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ मराठी. गावाबाहेर खोली भाड्यानं घेतली होती. त्यांना लघवी तपासायच्या प्लास्टिकच्या डब्या हव्या असायच्या. एक-दोन नव्हे, असतील तेवढ्या. मी एकदा विचारलं, लॅब काढताय की काय? हसून म्हणाले, शाळेचा प्रोजेक्ट आहे. मग एक दिवस त्यांनी विचारलं, या झाकणांना बारीक भोकं पाडायला जाड सुई मिळेल का?

ते गेल्यावर मी प्रकाशला फोन केला. लघवीच्या डबीला भोकं पाडून कोण काय करणार?

प्रकाश मीटर बघायच्या निमित्तानं त्यांच्या खोलीवर गेला. दार त्यांनीच उघडलं आणि आतल्या मीटरकडं बोट दाखवलं. खाटेवर डब्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येकीत कापसाचा बोळा आणि प्रत्येकीत एक मोठा, केसाळ कोळी. डोंगरावरच्या जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारे ते कोळी, आम्ही लहानपणापासून ओळखतो. आत ते हळूहळू पाय हलवत होते आणि सगळ्या खाटेवरून बारीक खरखर येत होती. प्रकाश मला नंतर म्हणाला, नागाला हात लावताना त्याला जे होत नाही ते त्या वेळी झालं. बाहेर पडून त्यानं वनखात्याला फोन केला.

वनखात्याची माणसं आली. डब्या ओळखायला मलाही बोलावलं. ते गृहस्थ खुर्चीवर शांत बसले होते. वाद नाही, आरडाओरड नाही. परदेशात असे कोळी पाळणारे लोक असतात म्हणे, त्यांच्यासाठी ते जमवले होते. जीपमध्ये बसायच्या आधी ते माझ्याजवळ थांबले. "तुम्ही काळजी करू नका," समजूत काढल्यासारखं म्हणाले, "मी काही परत यायचा नाही. वर आता काही राहिलं नाही."

जिवंत होते ते कोळी आम्ही परत ढोल्यांपाशी सोडले. निम्मे तर डबीतच मेले होते. आजही मी त्या ढोल्यांत डोकावतो. लहानपणी तिथं काहीतरी दिसेल म्हणून भीती वाटायची. आता काहीच दिसत नाही म्हणून वाटते.

*

त्यानंतर डोंगराची गावाकडची उतरण बाहेरच्या कुठल्यातरी पार्टीनं घेतली. वर व्हिला होणार, सड्यावर गाड्या लावायला जागा होणार. जेसीबी आला. डोंगर कापून रस्ता काढायला लागले.

एके दिवशी दुपारी परशुराम नावाचा कामगार धावत सगुणच्या घरी आला. चंदगडकडचा माणूस, बायको-मुलांसकट कामावर आलेला. "काका, नुसती सापं हायती. मातीत्नं गुच्छच्या गुच्छ निघायल्यात." कामगारांनी काम थांबवलं होतं. सुपरवायझरनं प्रकाशला बोलावलं, साप काढून दे म्हणाला. योगायोगानं मंगलबाई आणि मी सगुणच्या खळ्यातच होतो. आम्हीही गेलो.

ते साप नव्हते, देवगांडुळं होती. बेडकाच्या नात्यातला जीव. पाय नाहीत, ओल्या मातीत राहतो, दिसायला गांडूळ आणि साप यांच्या मधला. कापलेल्या दरडीच्या अगदी तळाला, जिथं माती चिखलासारखी ओली होती, तिथं ती एकमेकांत गुंतून बसली होती. काहींनी अंड्यांभोवती वेटोळं घातलेलं. जेसीबीच्या दातानं कितीतरी तुटलेली.

बाईंनी सांगितलं, विषारी नाहीत, भिऊ नका. परशुरामनं एक हातात घेऊन पाहिलं. मग त्यानं विचारलं, "पर बाई, समदी एकाच जागी का आली?"

बाईंनी वर पाहिलं. कापलेली दरड माथ्यापर्यंत कोरडी पडली होती. तळाची ती पट्टीच काय ती ओली होती. त्या म्हणाल्या, "ओल एवढीच उरली आहे."

परशुरामनं फावडं खाली ठेवलं. "मग आता आमी हितं खणायचं का न्हाई?"

सुपरवायझर गाडीत एसी लावून बसला होता, त्यानं हॉर्न वाजवला. आम्ही हाताला लागतील तेवढी देवगांडुळं चिखलासकट बादल्यांत भरली आणि सगुणच्या कुळागरात नेऊन सोडली. परशुराम आणि त्याची बायको बादल्या उचलत होती. आमची शेवटची बादली निघायच्या आतच मशीन सुरू झालं.

काही दिवसांनी परशुराम माझ्या फार्मसीत आला, झोपेची गोळी मागायला. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही. मी त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. तो दोन्ही हात पुढं करून बघत बसला. "डोळा लागला की हातात वळवळतंय," म्हणाला.

*

सगुणच्या बायकोचं नाव शेवंती. धीराची बाई. गवा कुळागरात शिरला तर ताट बडवत पुढं जाते.

जोराच्या पावसानंतरची सकाळ. तिनं सडा-सारवण करायला दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं. सगुण अजून अंथरुणात होता. ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "भायर येव नका. भायर कायतरी चलता."

सगुणला वाटलं चोर असेल. त्यानं खिडकीतून पाहिलं. खळं हलत होतं. ओढ्यातल्या कुर्ल्या, खेकड्याचीच जात, तांबूस रंगाच्या, लहान-मोठ्या, सगळ्या खळ्यात आल्या होत्या. पायऱ्यांवर, कपडे धुवायच्या दगडावर, तुळशीच्या कट्ट्यावर. काही दाराच्या चौकटीला नांग्या लावून उभ्या.

कापलेल्या डोंगराची माती रात्रभराच्या पावसानं ओढ्यात उतरली होती. ओढा पाण्याचा राहिलाच नव्हता, तांबडा गिलावा वाहत होता. त्यात जीव घुसमटला म्हणून त्या बाहेर पडल्या होत्या.

आमच्याकडे पावसात कुर्ल्या धरायला लोक हौसेनं जातात. शेजारचे टोपलं घेऊन आलेही. पण खळ्याच्या कडेला उभे राहिले आणि कुणी एकही उचलली नाही. तसेच परत गेले.

शेवंती दिवसभर विहिरीचं पाणी काढून खळ्यात ओतत राहिली. कावळे जमले, त्यांना हाकलत राहिली. मी दुपारी गेलो तेव्हा ती चिंब भिजलेली होती, हातांना रहाटाच्या दोराचे वळ. मी म्हटलं, वहिनी, थोडं बसा. ती म्हणाली, "बसलंय तर हेंका कोण बघतलो?"

संध्याकाळपर्यंत बऱ्याचशा निश्चल झाल्या. राहिलेल्या तिनं घमेल्यात घालून कुळागराच्या पाटात सोडल्या. तेव्हापासून त्या घरात कुर्ल्यांचं तिखलं झालेलं नाही. सगुणला फार आवडायचं. एकदा त्यानं विषय काढला तर ती म्हणाली, "आमच्या दारात आसरो मागूक इल्ली ती. तेंचां तिखलां कशां करू?"

*

श्रावणात प्रकाश आणि मी सड्यावर गेलो होतो. कापलेल्या दरडीच्या वरच्या बाजूला, गवतात, त्याला एक भेग दिसली. तळहात जाईल एवढी रुंद, आणि लांबवर गेलेली. प्रकाश पालथा झोपला आणि त्यानं खांद्यापर्यंत हात आत घातला. आणि एकदम काढून घेतला.

"काय रे? काही चावलं?"

"नाही. आत वारा आहे."

मीही हात धरून पाहिला. खालून गार वारा येत होता, कुणीतरी श्वास सोडावा तसा. प्रकाशनं दगड टाकला. आम्ही कान लावून बसलो. तळाला लागल्याचा आवाज आलाच नाही.

आम्ही पंचायतीत सांगितलं. सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, जांभ्याला अशा भेगा असतातच. भेग रुंदावते का ते बघायला दर रविवारी आम्ही तिच्यावर आडवी काठी ठेवून यायचो. एका रविवारी काठी नव्हती. आत पडली होती.

भेगेच्या बरोबर खाली सगुणचं घर. आम्ही त्याच्या विनवण्या केल्या, काही दिवस फोंड्याला भावाकडे जा. तो ऐकेना. त्याचं म्हणणं, आजोबांपासून डोंगराखाली आम्ही राहतो, डोंगर आमच्या अंगावर येणार नाही. मंगलबाई एकदा त्याच्यावर चिडल्या, तरी तो हलला नाही.

शेवंतीनं वाद घातला नाही. एका सकाळी तिनं गाय आणि वासरू सोडून शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधलं, घरातले देव टोपलीत ठेवले, टोपली डोक्यावर घेतली आणि रस्त्याला लागली. सगुण दारात उभा राहून हाका मारत होता. तिनं मागं पाहिलं नाही. देव गेले म्हटल्यावर तो घरात कसा राहणार? कुरकुरत तिच्या मागं निघाला.

त्याच दुपारी दरड आली. मी फार्मसीत होतो, तिथपर्यंत आवाज पोचला नाही. प्रकाशचा फोन आला. तो नुसता "ये, ये" म्हणत होता, कुठं आणि कशाला ते त्याला सांगता येईना.

आम्ही पोचलो तेव्हा घर उभं होतं. दरड घराला वळसा घालून खाली गेली होती, एक कौलसुद्धा हललं नव्हतं. पण गोठा नव्हता, विहीर नव्हती, कुळागर नव्हतं. देवगांडुळं सोडलेली ती जागा, कुर्ल्यांचा तो पाट, सगळं तांबड्या मातीखाली. मातीतून सुपारीचे शेंडे तेवढे वर आलेले. सुपरवायझरच्या माणसांना कुणाला इजा झाली नाही. पावसामुळं त्या दिवशी काम बंद होतं. त्यानंतर ते बंदच राहिलं.

घर वाचलं म्हणून गावातले लोक बघायला येत होते, देवाची कृपा म्हणत होते. शेवंतीच्या पाया पडत होते. सगुण त्यांच्याकडं पाठ करून पायरीवर बसला होता, डोंगराकडं बघत. मी जवळ गेलो. त्याला वाटलं मीही घराबद्दलच बोलणार. मान न वळवता म्हणाला, "घर परत बांदूक येतां, अनंता."

*

आता हा शेवटचा. हा मी काउंटरवर सांगत नाही.

सड्यावर एक बेडूक असायचा. अंगठ्याच्या नखाएवढा, जांभ्याच्याच रंगाचा. गावात त्याला खुटखुट्या म्हणत. दोन सुक्या सुपाऱ्या एकमेकींवर आपटाव्यात तसा त्याचा आवाज, आणि तो पावसाळ्यात तिन्हीसांजेला. एकानं सुरू केलं की सगळा सडा वाजायचा. मंगलबाईंनी आजूबाजूचे कितीतरी सडे पालथे घातले होते, पण त्यांना तो दुसरीकडं कुठंच सापडला नव्हता.

काम बंद पडण्याआधी पार्टीनं सड्यावरची डबकी मुरूम टाकून बुजवली होती, गाड्या लावायला. त्याच डबक्यांत तो अंडी घालायचा. तरी पुढच्या पावसात आम्ही धीर धरून होतो, कारण संध्याकाळी सगुणच्या खळ्यातून कान दिला की वरून आवाज यायचा. कधी एक, कधी दोन. खुट, खुट, खुट. सगुण फोन करून सांगायचा, "आसा रे, अजून आसा." त्या वर्षी आम्हाला तेवढाच आधार होता.

फोंड्याची एक मुलगी, केतकी, बेडकांवर संशोधन करते. मंगलबाईंनी तिला बोलावलं. तिच्याकडं लहानसा स्पीकर होता, आणि बाईंनी पूर्वी मोबाइलवर रेकॉर्ड केलेला खुटखुट्याचा आवाज. तो वाजवायचा आणि कुठून उत्तर येतं ते बघायचं, म्हणजे किती उरलेत त्याचा अंदाज येईल.

झिमझिम पाऊस होता, उजेड अजून शिल्लक होता. आम्ही चौघं आणि केतकी सड्यावर उभे. बुजवलेल्या डबक्यांवर गवतही आलं नव्हतं. केतकीनं स्पीकर दगडावर ठेवला आणि आवाज लावला.

काही नाही.

तिनं परत लावला. पाऊस छत्रीवर पडत होता तोही मोठा वाटायला लागला, म्हणून मी छत्री मिटली.

मग कडेच्या झाडीतून उत्तर आलं. खुट, खुट, खुट.

मंगलबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. प्रकाश हसत होता, त्याचे डोळे भरले होते. केतकीनं खुणेनं सांगितलं, हळू चला. स्पीकर हातात घेऊन ती पुढं, आम्ही मागं. ती वाजवायची, समोरून उत्तर यायचं. जवळ जवळ येत होतं. आम्ही एका किंदळाच्या झाडाखाली पोचलो, आणि आवाज वरून आला.

"एवढ्या वर?" प्रकाश पुटपुटला.

केतकीनं दुर्बीण डोळ्याला लावली. मग दुर्बीण बाईंच्या हातात दिली. मला दुर्बिणीची गरज नव्हती. फांदीवर काळा पक्षी बसला होता, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसं. भृंगराज. दुसऱ्यांचे आवाज काढणारा. त्यानं मान किंचित पुढं केली, चोच उघडली. खुट, खुट, खुट.

बाईंनी विचारलं, "हा हे कुठं शिकला असेल?"

"बेडूक होते तेव्हा ऐकून," केतकी म्हणाली. मग पुढं म्हणाली, "किंवा यानं बेडूक ऐकलाच नसेल. आईबापांकडून शिकला असेल."

तिनं स्पीकर बंद केला. सड्यावर शांत झालं. भृंगराजानं पुन्हा आवाज काढला आणि थांबला. कान दिल्यासारखा थांबला. पुन्हा आवाज काढला, पुन्हा थांबला. केतकी खाली दगडावर बसली. बाई दुर्बीण छातीशी धरून उभ्या होत्या. खाली जायची वेळ झाली होती, पण कुणी पाऊल उचलत नव्हतं.

तेवढ्यात सगुण पुढं झाला. झाडाखाली जाऊन त्यानं दोन्ही तळहात ओंजळीसारखे तोंडाशी धरले आणि जिभेनं टाळूवर आवाज काढला. खुट, खुट, खुट.

भृंगराजानं मान वाकडी करून खाली पाहिलं, आणि उत्तर दिलं.